क्लबचं धुणं

सोमवारी मी सव्वीस शर्ट धुतो,
सव्वीस चड्ड्या. मोजे मोजत नाही,
एक तरी कमीच भरतो.
मशीन फिरत ठेवून रिफ्कीच्या चहाखान्यात जातो.
तिथे संघाची नव्याने उभारणी चाललेली असते.

यंदा आम्ही खालच्या विभागात घसरलो. तिसऱ्यांदा.

साब्री म्हणतो, सगळे विका.
गोलकीपरपासून. सतरा-अठराची पोरं उतरवा,
दोन वर्षं मार खाऊ, तिसऱ्या वर्षी बघा.
साब्रीची हेझलनटची बाग आहे वरच्या उतारावर.
गेल्या हिवाळ्यात त्याने जुनी झुडपं
जमिनीलगत छाटली, एकही खोड न ठेवता.
सध्या मेव्हण्याच्या उसन्यावर चाललंय.

हे त्याला तारिक ऐकवतो. तोही बागवालाच.
"झुडपातलं एकच खोड काढायचं दरसाल.
फुटव्याला उजेड मिळतो, घरात पीकही येतं.
बचाव बदला. मधली फळी राहू दे.
कॅप्टनला हात लावू नका."
"बाग वेगळी, संघ वेगळा."
"मग बागेचं काढलंस कशाला?"
"मी कुठे? तूच काढलंस."
कुणी काढलं, ते खरंच कुणाला आठवत नाही.

मुनेव्वर बाई दारातूनच बोलतात.
आत बसलं की उठवत नाही, म्हणतात.
चाळीस वर्षं गणित शिकवलं, वही अजून सुटली नाही:
कर्ज इतकं, पगार इतके,
त्या परदेशी स्ट्रायकरचे गोल चार,
म्हणजे एका गोलाला एक फ्लॅट पडला,
समुद्राकडे तोंड असलेला.
सगळे हसतात. मग हसू ओसरतं.
तसा फ्लॅट इथल्या एकाकडेही नाही.

"नजमीला विचारा," कुणीतरी म्हणतं.
नजमी म्हणजे मी.
"कपडे खोटं बोलत नाहीत."

नाही बोलत. सहा नंबर कधी घसरून चेंडू काढत नाही,
त्याच्या चड्डीला नुसती इस्त्री केली तरी भागेल.
स्ट्रायकरच्या शर्टाला अत्तराचा वास,
नव्वद मिनिटांनंतरही.
हे सांगतो. टाळ्या पडतात.
माझ्या चहाचे पैसे साब्री देतो, उसन्यातून.

"आणि सेल्चुक?"
आठ नंबर. चौतीस वर्षांचा. बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीतला.
"चिखल असतो," मी म्हणतो, "पार कॉलरपर्यंत."
तारिक टेबलावर हात आपटतो. बघा!
पेल्यातले चमचे वाजतात.

चिखल असतो, हे खरंच.
जे सांगत नाही ते असं:
चिखल फक्त डाव्या अंगाला असतो.
तो एकाच कुशीवर पडतो आता.
ऑक्टोबरपासून उजव्या मोज्याला मलमाचा वास आहे,
उकळत्या पाण्यातून दोनदा काढला तरी जात नाही.
आणि फेब्रुवारीत बॅगेच्या तळाशी गुडघ्याचा पट्टा सापडला,
त्यावर कुण्या लहान हाताने
निळ्या पेनने काढलेला मासा.
तो मी वेगळा धुतला, थंड पाण्यात,
माशाभोवतीनं.
परत दिला तेव्हा सेल्चुक काही बोलला नाही.
पट्टा खिशात कोंबला, आणि मग:
"शनिवारी पाऊस थांबेल का, नजमीकाका?"
आमच्याकडे थांबत नाही.
त्याचा जन्म इथलाच आहे.

चहाखान्यातले आता प्रशिक्षकावर आलेत.
प्रशिक्षक बदलायला वेळ लागत नाही,
त्यामुळे आवाज जरा खाली येतात.
मुनेव्वर बाई वहीचं पान उलटतात.
"पण तुझं मत काय?" साब्री मला धरतो,
"छाटायचं की ठेवायचं?"
"मशीन थांबलं असेल," मी म्हणतो.

थांबलेलं नसतं. अजून अकरा मिनिटं.
मी स्टुलावर बसून फिरणारे आकडे बघतो,
तीन, सतरा, नऊ, पुन्हा तीन,
ओळख लागेपर्यंत खाली जातात.

आठ नंबर मी शेवटी वाळत घालतो, पत्र्याखालच्या दोरीवर,
उलटा करून, आकडा आत.
उन्हाने रंग उडतो म्हणून.
पत्र्याखाली ऊन येत नाही.
तरी.