खड्डामाग

माग विकला तेव्हा लाकूड गेलं,
फणी कुणीतरी हॉटेलच्या भिंतीवर टांगायला नेली.
खड्डा कोण नेणार?
चाळीस वर्षं तिथे अय्यांचे पाय होते,
बाहेर पत्रे तापलेले आणि पाय गारव्यात.
आता तिथे बारदानावर एक बाटली आडवी,
टॉवेलात गुंडाळलेली. वर फळी.

अंबादासनं आणलेली, नाशिकहून, पहिल्या पगाराची.
"स्लॅब पडला की उघडू," म्हणाला आणि सुरतेला गेला.
द्राक्षं आपल्या नान्नजची गोड,
मग बाटली नाशिकची कशाला, हे अय्यांना आजही कळलेलं नाही.
पण ठेवायची कशी ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं.
आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं.
वाळलं की आकसतं, आकसलं की हवा शिरते.
"सुताचंच की," ते म्हणाले, "कोरडं झालं की दगा."
उजेड नको, हादरा नको.
फ्रिज होता, पण त्यात इडलीचं पीठ,
आणि लाइटीचा भरवसा कुणी द्यावा?
शेजारचे पॉवरलूम रात्री बंद झाले
तेव्हा अय्या खड्ड्यात उतरले
आणि तळव्यानं जमीन ऐकली.
"हितंच ठेवायची."

चार वर्षांनी स्लॅब पडला.
अंबादास आला, केस थोडे विरळ.
अय्यांनी गफूर मास्तरांना बोलावलं,
अख्ख्या जोडभावी पेठेत रंग ओळखावा तो त्यांनीच.
"चाखणं आमच्यात बसत नाही," मास्तर म्हणाले,
"डोळा आणि नाक घ्या."
पांढरा टॉवेल अंथरला, पेला त्यावर तिरका धरला.
"कड बघ बे. जांभळी होती, विटकरी झालीया.
ते वयानंबी होतं, त्याचं काय नाही."
मग नाक.
"भिजल्या गासडीचा वास नाही, म्हंजे बूच कुजलं नाही.
शिरका म्हणावा, तर तोबी नाही."
मग बूच उचललं, अंगठ्यानं चाचपलं,
बाटलीच्या मानेवरचा चिकट, वाळका ओघळ नखानं खरवडला.
"वर सरकलं होतं हे. आतनं ढकललेलं.
हिला ऊन लागलंय."

ऊन? खड्ड्यात?
अय्या गुडघ्यावर बसले,
हात आत घालून भिंत चाचपत राहिले,
जणू चूक तिथेच कुठे तरी चिकटली असेल.

मे महिन्यात मला बघायला माणसं आली होती.
सतरंजी नेमकी त्या फळीवर पडणार होती,
आणि मुलाच्या आत्याला घर हिंडून बघायची सवय.
मी बाटली काढून माळ्यावर सारली, पत्र्याखाली,
जुन्या पितळी घागरीमागे.
पारा चव्वेचाळीस.
त्यांचा होकार येईना, नकारही येईना,
आणि मी बाटली विसरले. अकरा दिवस.
बाराव्या दिवशी नकार आला
तेव्हा आठवली.
त्याच टॉवेलात, तशीच घडी घालून
परत ठेवली. मान चिकट होती, मी पुसली.
सगळी पुसली नव्हती म्हणायची.

चाखायला मीच उरले.
शिजलेल्या मनुका,
पातेल्याला लागलेला गूळ,
आणि मागे काहीच नाही, ताजं असं काहीच.
"विष नाही," मी म्हणाले, "पण गेलीय."
अंबादासनं तरी पेला संपवला.
"बरी हाय की," म्हणाला
आणि दुसरा मागितला नाही.

मास्तरांनी जाताना पांढऱ्या सुताची लडी
उरलेल्यात बुडवून पिळली, तारेवर टाकली.
"कच्चा रंग. पहिल्या पाण्याला जाईल."

लडी अजून वाळते आहे.
अय्या खड्ड्यात वाकून बघतात,
फटीतून उजेड कुठून येतो ते शोधतात,
काल त्यांनी सिमेंट आणलं, पाव पोतं.
आज ते कालवायला बसलेत
आणि मी घमेल्यात पाणी ओतते आहे,
ते सांगतील तेवढं,
थोडं थोडं.