कंस

तहसील कचेरीसमोर माझा गाळा.
एक प्रिंटर, तीन खुर्च्या,
तिसरीवर राउटर ठेवलाय, तिथं रेंज बरी लागते.
सर्व्हर सकाळी अकरापर्यंत भला माणूस असतो,
नंतर त्याचा साहेब होतो.

ती पावणेअकराला आली.
कोग्याहून एसटीनं, हातात पिशवी,
पिशवीत चिठ्ठी, चिठ्ठीवर गट नंबर
नातवाच्या अक्षरात.
"ह्यात माजं नाव हाय का बगून दे."

पूर्वी हे बघायला
तलाठी जागेवर असावा लागे,
तलाठी असला तर दप्तर असावं लागे,
दप्तर असलं तर त्याच्या रुमालाची गाठ
कुणीतरी सोडावी लागे,
आणि बाईमाणसानं मागितल्यावर
ती गाठ हटकून ओली निघे.

आता पंधरा रुपये.
आणि चार वाकडे आकडे,
समोर बसलाय तो माणूसच आहे, याचा पुरावा.
माझे डोळे गेलेत ते वाचून वाचून.
तीच पुढं वाकली. "सात, तीन, परत तीन, नऊ."
बरोबर निघालं.

पान उघडलं.
चौगले, चौगले, चौगले,
सगळे बाप्ये, आणि तळाशी
(आक्काताई)

"दोन्ही अंगाला हे इळं कसलं रं?"
"कंस आहे मावशी. म्हणजे नाव आहे, पण नाही.
फेरफार झाला की असा कंस करतात."

थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिली.
मग म्हणाली,
"कंस बी भाऊच हुता की."

हसावं की नाही, कळेना.
मी माऊस धरला, जुना फेरफार शोधला.
अकराशे सेहेचाळीस, साल एक्क्याण्णव.
कडेनं वाळवीनं खाल्लेला कागद,
स्कॅनमध्ये भोकंसुद्धा काळीभोर आलेली.
'बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला असे.'
खाली अंगठा.
मोठा केला, दोनशे टक्के, चारशे टक्के,
पडदाभर नुसत्या रेषा.

"ह्यो माजा न्हाय."
"मावशी, अंगठा असा बघून ओळखायचा कसा?"
"आरं, मी सही करतो!"
माझंच पेन घेतलं,
दराच्या कागदाच्या पाठीवर लिहिलं,
सासरचं नव्हे, माहेरचं नाव, पूर्ण,
एकेक वेलांटी अशी ताठ
की सातवीच्या गुरुजींनी मागं उभं असावं.

मी तयार होतो. अपील, मुदत, प्रांत ऑफिस,
ओळखीचा एक वकील.
तिनं भलतंच विचारलं.
"हे कुणाकुणाला दिसतं?"
"सगळ्यांना. गट नंबर ठाऊक असला की झालं."
"दत्तूदाच्या सुनंला?"
"तिलाही."
"माज्या पोरीला, पुण्यात?"
"आत्ता. बसल्या जागी."
"आन् तवा कुणाला दिसत हुतं?"
"तलाठ्याला," मी म्हटलं.
"आन् दत्तूदाला," ती म्हणाली.

दोन प्रती घेतल्या.
एक पिशवीत घातली, एक हातातच ठेवली, उघडी.
पैसे सुटे दिले.
जाताना माझं पेन घेऊन गेली.
मी मागितलं नाही.

रात्री, शटर अर्धं ओढून,
कशाला कोण जाणे,
आमच्या गावचा गट टाकला.
इतकी वर्षं जगाची पानं काढली,
आपलं काढायचं राहूनच गेलेलं.
चुलते. चुलतभाऊ. मी,
सहा नंबरला, मोकळा.
आणि माझ्या वरच्या ओळीत
(सुंद्राबाई)

आत्या.
भाऊबीजेला येते. आईनं दिलेली साडी
आधी डोळ्यांना लावते, मग मांडीवर ठेवते.

शेजारी फेरफाराचा नंबर, निळ्या अक्षरात.
नुसता दाबायचा होता.
बाहेर चहावाल्यानं बाकडी आत घेतली,
शेवटची एसटी गेली.
मी बसून.

'आपले सत्र संपले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.'

पुन्हा चार आकडे आले, वाकडे.
आपण माणूस आहोत हे दाखवायला
या खेपेला
मी तीनदा चुकलो.