कंदील खाली सोडून

बाबालाल नदाफ चपला काढूनच खेळपट्टीवर चढायचा.
टाचेला कळतं, म्हणायचा, अंगठा लबाड असतो.

आम्ही कप्तान लोक मोटारसायकलची किल्ली खुपसून बघायचो,
चेंडू आपटून आवाज ऐकायचो,
एखादा वाकून वाससुद्धा घ्यायचा
आणि मग सगळेच गंभीर चेहऱ्यानं म्हणायचो:
दुपारनंतर वळेल.

माती कृष्णाकाठची, काळी.
ओली असताना हाताला सोडत नाही,
वाळली की कुणाचं ऐकत नाही.

बाबालालचा बाप हरिपुरात हळदीची पेवं उघडायचा.
वीस-पंचवीस फूट खोल,
तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं.
झाकण काढलं की लगेच कुणी उतरायचं नाही.
आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
विझला, तर लांब जाऊन बिडी ओढत बसायचं.
तेवत राहिला, तर कासोटा मारून आत.
"मग पुन्हा थांबायचं नाही?" मी एकदा विचारलं.
"वर हमाल हुबं, गाडी हुबी, दिस उतरतोय.
थांबायचं बी एक टायम असतंय.
त्याच्या म्होरं थांबलं की त्याला भ्याणं म्हणत्यात."

महापुरात पेवं गेली. बाप त्याआधीच.
बाबालालच्या हातात रोलर आला.

सांगलीतला तो सामना, तिसरा दिवस, मार्च, समोर सोलापूर.
जेवणाला आघाडी दोनशे अठरा, चार तास हातात.
शीतल मगदूम चौऱ्याऐंशीवर नाबाद,
डब्यातली भाकरी तशीच,
मी काही विचारू नये म्हणून बुटाची नाडी
सोडत होता, बांधत होता.
भरतेश सदलगे कोपऱ्यात बोटांत चेंडू फिरवत बसलेला,
माझ्याकडे बघायचं टाळून.
सेक्रेटरी म्हणाले, हरू नका म्हणजे झालं.

बाबालाल लिंबाखाली झारी विसळत होता.
काका, कसं दिसतंय?
"खेळपट्टी दोघांची हाय," तो म्हणाला.
"समोरच्या पोरानं इचारलं तर त्याला बी ह्येच."
आणि खेळपट्टीकडे बघत राहिला,
हातात दोरी धरून खाली बघावं तसा.

मला ते बघणं वाचता आलं नाही.
की आलं, आणि तरी मी म्हणालो,
अजून पन्नास.

पंचेचाळीस मिनिटं.
शीतल सत्त्याण्णववर लाँगऑनला झेल देऊन आला,
पॅड न काढता पाणी प्याला.
दोनशे एकाहत्तर झाल्यावर मी पायरीवर उभं राहून हात हलवला.

चहानंतर भेगा उघडल्या.
सदलगेनं सहा काढले.
नववा गेला तेव्हा तेवीस चेंडू उरले होते,
आणि आला कोण, तर बिराजदार, अकरावा,
चष्मा दोरीनं कानामागे बांधलेला,
बॅट पॅडच्या मागे लपवून खेळणारा.

शेवटच्या षटकातला पाचवा चेंडू
लेग स्टंपबाहेर भेगेत पडला, उठला,
बिराजदार, यष्ट्या, यष्टिरक्षक, स्लिप,
सगळ्यांना चुकवून सीमेपार गेला.
चार बाय. इतका वळला.

सोलापूरच्या धावा एकशे चौसष्ट.
जेवणाच्या आघाडीपर्यंतसुद्धा पोचले नव्हते ते.
वरचे त्रेपन्न मी कुणाला घाबरून साठवले,
हे आजही घरी कुणी विचारत नाही,
कारण घरी कुणाला क्रिकेट कळत नाही.

सगळे गेल्यावर बाबालाल पाइप ओढत आला.
काका, डाव कधी सोडायला हवा होता?
"त्ये टोक धर," तो म्हणाला, "पीळ पडलाय.
पाणी आत्ता नगं. माती तापलीया."

टोक धरून उभा राहिलो.
मग बूट काढले, मोजे काढले.
खरंच तापली होती.
गुड लेंथवरच्या एका भेगेत करंगळी घातली,
दुसऱ्या पेरापर्यंत गेली.
आत गार होतं.