जैसे थे

अंबडच्या शेडमधलं तिसरं मशीन
पहाटे साडेतीनला टेम्पोत चढलं.
वॉचमन गायकरनं मिस्ड कॉल दिला,
मीच उलट फोन केल्यावर म्हणाला,
वहिनी, ताडपत्री हिरवी होती.
तेवढ्या ताडपत्रीवर
घुगे मॅडमनी अडीच पानांचा अर्ज उभा केला.

सीबीएसच्या कोर्टात
आमचा पुकारा जेवणाच्या सुट्टीआधी शेवटचा.
न्यायाधीशबाईंना सर्दी झालेली,
नाशिकात त्या आठवड्यात पारा सातावर.
रुमाल बाजूला ठेवून त्यांनी सांगितलं :
पुढील आदेशापर्यंत विकू नये, गहाण टाकू नये,
बक्षीस देऊ नये,
त्रयस्थाचा हक्क निर्माण करू नये.
उभय पक्षांनी परिस्थिती जैसे थे ठेवावी.

जैसे थे.
जिना उतरताना मी तो शब्द तोंडात घोळवत राहिले.
कधीचे जैसे?
मखमलाबादचे दोन गुंठे घेतले तेव्हाचे,
फक्कीच्या रेघांमध्ये, काटेरिंगणीत,
हेरंब भर उन्हात आडवा झाला
आणि म्हणाला, बेडरूम इथे,
उशी पूर्वेला?
की ओट्यावरच्या झाकलेल्या ताटांचे,
एकाचं आठला, एकाचं साडेदहाला,
मधल्या अडीच तासांत
कुणीच कुणाला वाढायचं नाही असे?

अर्ज दाखल झाल्या दिवशी जसं होतं तसं,
मॅडम म्हणाल्या.
म्हणजे गुरुवार.
गुरुवारी मी गिरणीतून दळण आणलं होतं,
आणि संध्याकाळी बाथरूमचा नळ सोडून रडले होते.
तेही तसंच ठेवायचं का, हे विचारलं नाही.
त्यांच्यापुढे अजून तीन अशिलं बसली होती.

मनाई दोघांनाही असते हे मला उशिरा कळलं.
यादी मीच केली होती, रात्री जागून,
शाळेतल्यासारख्या सुवाच्य अक्षरात.
आईच्या पाटल्या अनुक्रमांक नऊ.
राहून जाऊ नयेत म्हणून ठळक लिहिल्या.
त्या मोडून मॅडमची फी द्यायची होती.

फ्रिजचा गॅस गेला तेव्हा मी फोन केला :
भरून घेऊ का? फ्रिज यादीत आहे.
घ्या हो, त्या हसल्या, देखभालीला मनाई नसते.
फोन ठेवल्यावर
ते वाक्य बराच वेळ माझ्याशेजारी बसून होतं.

शरणपूर रोडच्या बँकेत लॉकर उघडला
तो मंगळवारी. कोर्ट कमिशनर पोरगेलासा,
नवा काळा कोट, बाहीला अजून लेबल.
मला अर्जदार म्हणे, हेरंबला सामनेवाले.
तळघरात आम्ही तिघं आणि सोनाराचा काटा.
पाटल्या दोन. गोफ एक. चांदीचा करंडा.
बंद पडलेल्या एफडीच्या पावत्या.
जिवतीचा टाक कागदात गुंडाळलेला.
प्रत्येक वस्तू तो दिव्याखाली धरी
आणि आमच्याकडे बघे, साक्षीदार आणल्यासारखा.

मग मागून निघाली एक डबी.
लाल मखमल, कोपरा उसवलेला.
आत कापूस, कापसात एक खळगा,
आणि खळग्यात काही नाही.

मी हेरंबकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे.
चौदा महिन्यांचे सगळे संशय
एका दमात वर आले आणि तिथेच थांबले,
कारण त्याच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती,
नुसतं आठवणं होतं, कपाळाला आठी घालून.
काय होतं गं यात?
नाही आठवत.
माझाही आवाज नेहमीचा आला,
घरातला.

कमिशनरचं पेन अडलं.
अनुक्रमांक चौदा, डबी एक.
पुढे काय लिहू?
वस्तू गहाळ, की रिकामी?

रिकामी, आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

त्यानं लिहिलं : उभयतांस मान्य.
लॉकरवर कागदाची पट्टी डकवली,
लाख वितळवली, शिक्का उमटेना,
दुसऱ्यांदा दाबला.
पुढची तारीख एकोणीस फेब्रुवारी.

बाहेर हेरंब गाडीला किक मारत होता.
थंडीनं इंजिन धरत नव्हतं.
अंगात राखाडी स्वेटर,
मी विणलेला, डावी बाही दोन बोटं लांब.
यादीत घालायचा राहूनच गेला.