अ. पा. क.

अर्ज टाइप होऊन आला. मोटार अपघात दावा प्राधिकरण, धुळे,
यांच्यासमोर.
अर्जदार: कु. जुई कैलास बेडसे, वय नऊ, धंदा शिक्षण,
अज्ञान, अ. पा. क. आई.

जुईने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि चिडली.
मी अज्ञान कशी? मला एकोणतीसचा पाढा येतो.
कारकून हसला. कायद्यात, म्हणाला, अठरापर्यंत
सगळेच.
तिने तिथल्या तिथे म्हणून दाखवला,
एक पाय बाकावर आडवा,
पट्ट्यांचा बूट भिंतीला टेकवून.

खाली: सामनेवाले क्रमांक एक,
भटू रामराव खैरनार, वाहनाचा चालक व मालक.
क्रमांक दोन, विमा कंपनी.

माझा भटू.
दर आखाजीला मुऱ्हाळी होऊन येणारा,
एस.टी.त मला खिडकी देऊन
स्वतः पारोळ्यापर्यंत उभा राहणारा.
त्या वर्षी म्हणाला, यंदा बस नको ताई.
जुनी होती गाडी, पण सीटांना नवी कव्हरं शिवली होती,
जांभळी.

वकील सांगतात, लिहावंच लागतं:
हयगयीने, निष्काळजीपणे, भरधाव.
त्याशिवाय कंपनी रुपया सोडत नाही.
मी दोन दिवस सही केली नाही.
शेवटी त्याचाच फोन. "लिखी टाक ताई.
पैसा कंपनीले देना शे, माले नही."
मग कोणीच बोलेना. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या.
चार मोजल्या मी.

रात्री जुई: "मामाले जेलमा टाकतीन का?"
नाही गं. नुसतं कागदावर आहे.

कागदावर बरंच असतं.
सिव्हिलचा दाखला, कायम अपंगत्व, बावीस टक्के.
जीपचं भाडं, पावती नाही, सबब मिळणार नाही.
वेदना व यातना, एकरकमी.
लग्नाची शक्यता घटल्याबद्दल, वेगळे.
हे आलं तेव्हा मी पान तिच्याकडून वळवलं.
झोक्यासाठी रकाना नव्हता.
माहेरच्या कडुनिंबाला दोर आदल्या रात्रीच बांधून ठेवलेला,
पुढे तो कोणीतरी सोडला, वासराला लावला.

उलटतपासणी.
कंपनीच्या वकिलांचा आवाज मऊ, घरच्यासारखा.
मुलगी कुठे बसली होती? पुढे.
कोणाजवळ? माझ्या मांडीवर.
पट्टा?
मला होता.

टंकलेखक लिहीत गेला,
हे म्हणणे खरे नाही की गाडी सावकाश चालली होती.
हे म्हणणे खरे नाही की साक्षीदाराने भावाशी संगनमत केले.
मी मान हलवत गेले. सगळं खरंच होतं
किंवा खरं नाही हे खरं होतं,
मला नंतर नंतर नीट लागेना.

एक विचारलं नाही कोणी.
मुकटी मागे पडल्यावर साक्षीदार काय बोलली.
बोलली होती, भटू, दाब जरा, बारा वाजतील,
अण्णांची पहिली घागर आहे,
आई वाट बघत बसली असेल सांजोऱ्या झाकून.
तो म्हणाला, हा ताई.
आणि मोरीचा कठडा.

भटूच्या जबाबात हे वाक्य नाही.
पोलिसांपुढच्याही नाही, कोर्टातल्याही नाही.
मी दोन्ही वाचलेत, बोट ठेवून.

निकाल लागला. रक्कम मुदत ठेवीत,
अर्जदार सज्ञान होईपर्यंत काढता येणार नाही.
जुईने बोटांवर वर्षं मोजली.
केस चालता चालता ती बारा पूर्ण झालेली.
सहा वर्षांनी मी सज्ञान?
हो.
मग मला सगळं सांगशील?

स्टँडवर पारोळा गाडी लागली, गर्दी धावली.
भटूने खिडकीतून रुमाल टाकून दोन सीटा धरल्या,
तिला काखेत उचलून वर चढवलं,
बूट दाराला घासला तर दाराला शिवी दिली.
खिडकी तिला. तिच्याशेजारी मी.
तो दांडी धरून उभा राहिला,
मधे पारोळ्यापर्यंत दोन जागा रिकाम्या झाल्या तरी.