एकच बॅटरी

बत्तीस वर्षं मी तारा ओढल्या.
पोलोग्राउंडहून निघायचं,
पालदा, मूसाखेडी, राऊ, तिल्लोरच्याही पुढे,
जिथे खांब तिथे मी.
आणि आमच्या गॅरेजात
एक साधा प्लगपॉइंट नाही.
शालन हे पाहुण्यांना सांगते,
चहाबरोबर खारी द्यावी तसं.

गॅरेज म्हणायचं ते सवयीने.
गाडी विकली त्याला सहा वर्षं झाली,
तेलाचा डाग तेवढा
अजून तिची जागा धरून बसलाय.
बाकी रद्दीचे गठ्ठे, लंगडं स्टूल,
आणि सागाच्या तीन फळ्या,
ज्यांचं शेल्फ होणार आहे
दोन हजार अठरापासून.

तर मंगळवारी सियागंज.
मुर्तझाभाईंच्या दुकानात भिंतभर ड्रिलं,
पिवळी, निळी, पोपटी,
सगळ्यांच्या चोची खाली.
"भिया, ये बीस वोल्ट का है."
मी म्हटलं, नुकतं चार्ज केलं की वीस,
कामाला जुंपलं की अठरा.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"आप बिजली में थे क्या?"
मग चहा आला. मग भाव उतरला,
पण फार नाही.

दोन बॅटऱ्यांची पेटी साडेपाच हजार.
एका बॅटरीची दोन हजार नऊशे.
कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं,
गेल्या दिवाळीपर्यंत मुर्तझाभाईंनीही नसावं.
चक धरून हलवला, डगमगतो का.
ट्रिगर हळू दाबला, हळूच फिरतं का.
बॅटरी काढली, बसवली, काढली, बसवली,
टक.
तो आवाज पटला.
"इसी बैटरी पे सैंडर भी चलेगा, ग्राइंडर भी.
अगले महीने ले जाना."
पुढचा महिना.
पेन्शनवरचा माणूस हे दोन शब्द
नाण्यासारखे वाजवून बघतो.

स्कूटरवर पायाशी पेटी.
रीगलच्या सिग्नलला सवयीने वर पाहिलं.
तारा. काही माझ्या हातच्या,
काही माझ्यानंतरच्या, जरा सैल.
आणि पायाशी वीज,
बरणीत भरलेली, लोणच्यासारखी.

पहिलं भोक सरळ गेलं.
दुसरं बोटभर खाली.
तिसऱ्याला वीट संपून काहीतरी कठीण लागलं,
चौऱ्याऐंशी साली कंत्राटदाराने
त्या भिंतीत काय भरलं, त्यालाच ठाऊक.
ड्रिल कण्हलं,
लाल दिवा लुकलुकला,
थांबलं.
बिट भिंतीत अर्धं.
मागे नाही, पुढे नाही.

बॅटरी काढून स्वयंपाकघरात नेली,
मिक्सरची पिन उपसून चार्जर लावला.
"किती वेळ?"
"दीड तास."
"म्हणजे तोवर चटणी नाही."
"नाही."

मी गॅरेजात आलो, मागून ती आली,
फळ्यांवर बसली.
त्या आणल्यापासून
त्यांचा झालेला हा पहिला उपयोग.
बराच वेळ भिंतीतल्या ड्रिलकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
"तुम्ही खांबावर असायचात ना,
तेव्हा मी शेजारच्यांचा फोन वाजला
तरी दार लावून घ्यायची."
हे तिने कधी सांगितलं नव्हतं.
मी काय बोलणार?
म्हटलं, पट्टा असायचा कमरेला.
"नेहमी?"

मी बिटाकडे बघितलं.
नेहमी नाही.
राऊला एकदा, पावणेतीनच्या सुमारास, उन्हात.
पण ते मी आज सांगितलं नाही.
म्हटलं, बहुतेक वेळा.

ती उठली.
दारामागची भाजीची पिशवी घेतली,
ड्रिलच्या मुठीला अडकवून पाहिली,
थोडी ओढूनही पाहिली.
राहिली.
"शेल्फ राहू द्या," म्हणाली,
"हे काय वाईट आहे?"

हिरवा दिवा लागायला
अजून पन्नास मिनिटं होती.
ती परत फळ्यांवर बसली,
जरा सरकून.