अकरा खिळे

हेल्डुर, तुझी जहाजं उतरवली मी.
शिडाची सात, वाफेची तीन,
आणि ते एक, जे तूच म्हणायचास फसलंय,
ज्यातला समुद्र कोबीच्या गड्ड्यासारखा दिसतो.
भिंतीवर राहिले अकरा खिळे
आणि अकरा चौकोन.
वॉलपेपर तिथे अजून नवाच आहे,
घर घेतलं त्या वर्षीचा.

चाळीस वर्षं पाहुण्यांना मी चहा दिला
आणि तू जहाजं दाखवलीस.
'आम्हांला समुद्र आवडतो,' म्हणायचास.
त्या 'आम्हां'त मीही होते,
कपाखाली बशी असते तशी.
खोटं कशाला बोलू, समुद्राचा मला राग नव्हता.
मला त्याचं काहीच नव्हतं.

लेक म्हणाली, आई, आता तुझ्या आवडीचं लाव काहीतरी.
माझ्या आवडीचं!
जेवणाचं विचारलं असतं तर सांगितलं असतं झटकन:
शेपू घातलेला बटाटा, खारवलेला मासा,
काळा पाव, तोही कडेचा तुकडा.
जिभेला ठाऊक असतं.
डोळ्यांना कुणी कधी विचारून वाढलंच नव्हतं.

बसने टाल्लिनला गेले.
मोठ्या संग्रहालयात पाय मोडेस्तोवर तीन मजले चालले.
एक पोरगी हातवारे करून समजावत होती,
रचना, अवकाश, ताण.
मी मान हलवत राहिले, चर्चमध्ये हलवतात तशी.
आणि सगळ्यांत काय आवडलं म्हणशील तर
जिन्याखालची, फरशी पुसायची बादली.
जुनी, पोचे आलेली, आतून हिरवी.
परतताना बसमध्ये लाज वाटली.
हाप्सालू येईपर्यंत वाटत होती.

मग ऑक्टोबरात, बेकरीमागच्या आवारात,
जुन्या वस्तू मांडल्या होत्या:
फुटक्या किटल्या, बर्फावर घसरायच्या काठ्या,
एकाच पायाचे दोन बूट.
त्यांत पुठ्ठ्यावर काढलेलं एक चित्र.
टेबल. टेबलावर कांदा.
टेबल उतरतं आहे, कांदा पडायला हवा,
पडत नाही.
आणि मागे तो हिरवा,
बादलीतला.

सही नाही, चौकट नाही.
पाठीमागे पेन्सिलीने कुणी लिहिलेलं: गुरुवार.
विकणारा म्हणाला, चार युरो.
माझ्याकडे नीट बघून म्हणाला, तीन.
मी पाच दिले.

लेक म्हणाली, टेबलाचे पाय चुकलेत.
चुकलेत.
शेजारची साल्मे म्हणाली, कांदाच का?
ठाऊक नाही.
कारण मी शोधलं, चष्मा शोधतात तसं,
उशाखाली, फडताळात, कोटाच्या खिशात,
आणि तो सगळा वेळ डोळ्यांवरच.

आईच्या दुधाच्या भांड्याचा, टवका उडालेल्या कडेचा तो हिरवा.
शाळेत बटणं ओवायचो तेव्हा
मुठीत लपवून ठेवलेल्या एका बटणाचा.
तुझ्या त्या पहिल्या कोटाचा.
कोटाचा नव्हे, अस्तराचा.
नाचताना उलटायचं ते.
तुला हो म्हणाले ते कदाचित...
असू दे.

लोक याला अभिरुची म्हणतात.
एवढा मोठा शब्द माझ्या तोंडात मावत नाही.
मला वाटतं, ती थांब्यावर बसलेली बाई होती,
पिशवी मांडीवर घेऊन.
कुठं जायचंय, कुणी विचारलं नाही,
म्हणून तिनंही सांगितलं नाही.

दहा खिळे उपटले, हेल्डुर.
भोकं टूथपेस्टने बुजवली, तू बुजवायचास तशीच.
कांद्याला खिडकीशेजारी नवा खिळा ठोकला, थोडा तिरका गेला.
अकरावा तसाच ठेवला
आणि त्यावर परत लावला तो फसलेला समुद्र.
पाहुणे येणार असले की तू त्याच्यासमोर दार उघडं टाकायचास,
झाकला जावा म्हणून.
काल दार लोटून बराच वेळ बघत बसले.
जहाज वाकडं आहे, लाटेला धड कणा नाही.
पण कुणीतरी थंडीत, बोटं गारठेपर्यंत
त्या पाण्याकडे पाहत उभं होतं,
आणि त्याला ते असंच दिसलं.
कोबी हिरवाच असतो, हे मला आत्ता सुचतंय.

पाहुणे आले तर अजूनही चहा देते.
दाखवत काही नाही.
कुणी विचारलंच,
तर म्हणते, कांदा आहे.